पेरलेल्या दाण्याची राखण : गोपगिरीच्या शिलालेखापासून सूर्यफुलापर्यंत

ग्वाल्हेरचा किल्ला चढू लागले म्हणजे वाटेत एकाच कातळात कोरून काढलेले एक लहानसे विष्णुमंदिर लागते. लोक त्यास चतुर्भुज मंदिर म्हणतात. वर मानसिंहाचा राजवाडा, सासबहूची देवळे आणि तेली का मंदिर पाहावयाचे असल्यामुळे बहुतेक प्रवासी येथे क्षणभर टेकतात आणि पुढे जातात. गणिताचे अभ्यासक मात्र येथे मुद्दाम येतात. कारण येथील विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्याप्रमाणेच शून्य देऊन कोरलेले आहेत. भारतात दगडावर आढळणाऱ्या सर्वांत जुन्या खात्रीच्या शून्यांत त्यांची गणना होते.

परंतु हे आकडे कशाचे, याची चौकशी फार थोडे लोक करतात. २७० हा आकडा एका फुलबागेच्या लांबीचा आहे आणि ५० हा देवासाठी रोज द्यावयाच्या माळांचा. शून्याची कीर्ती जगभर गेली. ज्या फुलांसाठी ते कोरले गेले, ती फुले विस्मरणात राहिली. देवस्थानांशी ज्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा संबंध आहे, त्या आपल्यासारख्या वाचकांनी तरी हा लेख फुलांच्या बाजूने वाचून पाहावा, एवढ्यासाठी हा प्रपंच आहे.

त्या वेळी कनोजच्या प्रतिहार घराण्यातील भोजदेव राज्य करीत होता आणि गोपगिरीच्या किल्ल्यावर अल्ल नावाचा कोटपाल होता. या अल्लानेच देवालये उभारली. लेखात नगराने फुलबागेसाठी दिलेली २७० हात लांब व १८७ हात रुंद अशी जमीन नोंदली आहे. हात दीड फुटाचा धरला, तर ही जमीन अडीच एकरांहून थोडी अधिक भरते. माळ्यांनी रोज पन्नास माळा द्यावयाच्या, आणि तेल्यांनी दर महिन्याच्या शुद्ध नवमीस प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल दिव्यासाठी द्यावयाचे, अशीही व्यवस्था त्यात आहे. याखेरीज पूजेअर्चेसाठी दोन शेते दिलेली आहेत, आणि त्या शेतांचे मोजमाप हाताने किंवा काठीने सांगितलेले नाही. गोपगिरीच्या मापाने अकरा द्रोण जव ज्यात पेरले जातात एवढे हे शेत, असे म्हटले आहे.

या शेवटच्या नोंदीपाशी आपण थांबले पाहिजे. जमीन बियाण्यावरून मोजण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ‘खंडीचे शेत’, ‘कुडवाचे शेत’ असे शब्द कोकणात व गोमंतकात आजही वृद्धांच्या तोंडी येतात. या मापामागे एक गृहीत आहे, आणि ते असे की, जेवढे पेरले तेवढे जमिनीत राहील. अकरा द्रोण जव पेरले आणि त्यांतले चार द्रोण कबुतरांनी, उंदरांनी व मोरांनी उकरून नेले, तर शिलालेखातले शेत कागदोपत्री तेवढेच राहील; देवापुढचा नैवेद्य मात्र तेवढा राहणार नाही. दान राजाने द्यावे, लेख कारागिराने कोरावा. परंतु ते दान वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्याचे काम पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस शेताच्या बांधावर बसणाऱ्या एखाद्या पोराकडे किंवा म्हातारीकडे असते. त्यांचे नाव कोणत्याही शिलेवर सापडत नाही.

आपल्या शास्त्रकारांना या गोष्टीची जाणीव नव्हती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाचे, म्हणजे सरकारी शेतीच्या अधिकाऱ्याचे, स्वतंत्र प्रकरण आहे. बियाणे रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवून तयार करावे, पेरणीची पहिली मूठ सोन्याचा स्पर्श झालेल्या पाण्यात भिजवून पेरावी आणि सीतादेवीची प्रार्थना करावी, असे त्यात सांगितले आहे. त्याच प्रकरणात मळे राखणारे, गुराखी व मजूर यांना त्यांच्या कुटुंबाच्या मानाने अन्न व महिना सव्वा पण वेतन द्यावे, असाही नियम आहे. म्हणजे राखण हे धर्मार्थ करून घ्यावयाचे फुकटचे काम नव्हते. उंदरांचा उपद्रव झाला तर मांजरे व मुंगसे सोडावीत, आणि टोळ, पक्षी व किडे यांच्या भयावरही याच धर्तीवर उपाय योजावेत, असे कौटिल्याने दुसऱ्या एका ठिकाणी सांगितले आहे. मनुस्मृतीतील कुंपणाचा नियम तर एखाद्या अनुभवी शेतकऱ्याने सांगितल्यासारखा आहे. कुंपण इतके उंच असावे की उंटाला त्यावरून आत पाहता येऊ नये, आणि त्यातील प्रत्येक भोक असे बुजवावे की कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड आत शिरू नये. जनावराच्या डोळ्याने आणि तोंडाने कुंपणाची परीक्षा करण्याची ही दृष्टी आजही तितकीच उपयोगी आहे.

शास्त्रकारांनी ज्याचा नियम केला, त्याचे सौंदर्य कवींनी पाहिले. कालिदासाच्या रघुवंशात उसाच्या सावलीत बसून भाताची राखण करणाऱ्या स्त्रिया रघूचे यश गातात. भारवीने किरातार्जुनीयात साळीची कणसे चोचीत धरून उडणाऱ्या पोपटांच्या थव्याला इंद्रधनुष्याची उपमा दिली आहे. शेतकऱ्याचे नुकसान करणाऱ्या थव्यातही कवीला आकाशाचे वैभव दिसले. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या गाथासप्तशतीत शेत राखणाऱ्या तरुणी पुनःपुन्हा भेटतात. दक्षिणेकडे तर राखणीतून एक देवकथाच जन्माला आली. तमिळ देशातील मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, याची पत्नी वल्ली ही डोंगरउतारावर राळ्याचे शेत राखणारी मुलगी होती. मचाणावर उभी राहून ती गोफणीने पोपट हाकीत असता देव तिच्यापाशी आला, असे ती कथा सांगते. राखण करणाऱ्या मुलीला देवाने आपल्या शेजारी बसविले, यापेक्षा त्या कामाचा अधिक गौरव कोणता असावयाचा?

मराठी संतांनी हाच विषय आपल्या रीतीने हाताळला. तुकोबांच्या गाथेत सुगीस आलेल्या शेताचे एक रूपक आहे. त्यात चारी कोपरे सांभाळणे आहे, गोफणीत गुंडा घालून थवे उडवणे आहे, रात्री जागे राहण्यासाठी पेटविलेली आगटी आहे. आणि हे सर्व देहरूपी शेताच्या राखणीसाठी आहे. ‘सोकरणे’ हा पाखरे हाकण्याचा जुना मराठी शब्दही तेथे भेटतो. ज्या माणसाने हे लिहिले, त्याला राखण प्रत्यक्ष ठाऊक होती, याविषयी शंका राहत नाही.

परंतु त्याच तुकोबांची दुसरी एक कथा परंपरेने जपली आहे. एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखावयास ठेवले. ते माळ्यावर नामस्मरणात बसले. पाखरांना त्यांनी हाकलले नाही. पाखरांनाही भूक आहे आणि त्यांनाही त्याच देवाने निर्माण केले आहे, हा त्यांचा विचार. शेतकरी परत आला, संतापला आणि प्रकरण पंचांपुढे गेले. पुढे मळणीच्या वेळी अपेक्षेपेक्षा अधिक धान्य निघाले, आणि वाढीव धान्य देहूच्या विठ्ठलमंदिराच्या जीर्णोद्धाराच्या उपयोगी पडले, असे ही परंपरा सांगते.

एकाच संताच्या नावावर या दोन गोष्टी आहेत : चारी कोपरे सांभाळ म्हणणारा अभंग आणि एकही पाखरू न हाकणारी कथा. यांतली कोणती खरी मानावी? माझ्या मते दोन्ही. पंचांपुढे उभा राहिलेला तो शेतकरी दुष्ट नव्हता. त्याच्या घरी पोरेबाळे होती आणि त्याच्यावर सरकारी धाऱ्याचे ओझे होते. राखण केली नाही तर तो बुडतो; आणि राखणीच्या नावाखाली विष पेरले तर आपण माणुसकीला मुकतो. या दोहोंच्या मध्ये कोठे उभे राहावयाचे, हा प्रश्न आपल्या संस्कृतीपुढे पूर्वीपासून आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक पिढीला नव्याने शोधावे लागते.

गोमंतकातील वाचकांना ‘राखण’ या शब्दाचा आणखी एक अर्थ सांगावयास नको. गावाच्या सीमेवर, बांधावर, एखाद्या जुन्या झाडाखाली राखणदार असतो. देवळाच्या प्राकारात क्षेत्रपाल असतो. रात्री गावाभोवती फिरणाऱ्या वेताळाच्या वहाणा झिजतात म्हणून त्यास नव्या वहाणा अर्पण करण्याची चाल आहे. क्षेत्र म्हणजे शेत आणि क्षेत्र म्हणजे तीर्थ. एकाच शब्दाने दोन्ही सांगितली जातात, आणि दोहोंचा राखणदारही एकच. आधी शेत, मग गाव आणि मग देऊळ अशा क्रमाने जी वस्ती झाली, तिच्या भाषेत हे साहजिकच आहे.

ग्वाल्हेर आणि गोमंतक यांचे नाते काही आजचे नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर हे गोमंतकीय सारस्वत. उज्जैनच्या महाकालाच्या मंदिराची पुनर्बांधणी त्यांनी केली. आणि १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी हे गाव श्रीमंगेश देवस्थानास दिले, तेही त्यांच्याच सूचनेवरून. पुढे महादजी शिंद्यांच्या कारकीर्दीत जिवबादादा केरकर व लखबादादा लाड यांच्यासारखे सारस्वत सेनानी उत्तरेत गाजले. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या लष्करी तळाचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. तेथे मराठी कुटुंबे वसली, त्यांनी राममंदिरे व विठ्ठलमंदिरे बांधली, आणि घराघरांतून तुळशीवृंदावनाशेजारी फुलांचा वाफा आला. देवाला गाव इनाम देणाऱ्या माणसांना हे पक्के ठाऊक होते की गाव म्हणजे त्यातली शेते, आणि शेते म्हणजे त्यांत टिकून राहिलेले बी.

आता सूर्यफुलाकडे वळू. गोपगिरीचा सूर्याशी संबंध चतुर्भुज मंदिराहूनही जुना आहे. हूण राजा मिहिरकुल याच्या पंधराव्या राज्यवर्षात, म्हणजे सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मातृचेट नावाच्या गृहस्थाने या डोंगरावर सूर्याचे दगडी मंदिर बांधले, असा शिलालेख येथे सापडला आहे. ते मंदिर आज नाही. सूरजकुंडाचे नाव मात्र उरले आहे. परंतु सूर्याच्या या डोंगरावर अल्लाच्या काळी सूर्यफूल असणे शक्यच नव्हते. हे झाड मूळचे उत्तर अमेरिकेचे. तेथील आदिवासींनी चार हजार वर्षांहूनही पूर्वी ते लागवडीखाली आणले. सोळाव्या शतकात ते स्पेनमध्ये आले आणि दीर्घ काळ शोभेचे झाड म्हणूनच युरोपच्या बागांत राहिले. त्याच्या तेलाचा धंदा एकोणिसाव्या शतकात रशियात वाढला. आणि विसाव्या शतकात पुस्तोवोइत या रशियन शास्त्रज्ञाने निवड पद्धतीने त्याच्या दाण्यातील तेलाचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावरून जवळजवळ निम्म्यापर्यंत नेले. तेलबी म्हणून भारतात त्याची लागवड १९६९ पासून, सोव्हिएत देशांतून आणलेल्या वाणांनी सुरू झाली. महाराष्ट्रात लातूरकडच्या भागाने ते आपलेसे केले. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना हा पट्टा मोहरीचाच राहिला. परंतु बागेत आणि देवळाच्या आवारात पिवळ्या फुलांचा तो ताठ दांडा आता परका वाटत नाही.

हे फूल लावणाऱ्यास पहिला धक्का बसतो तो पेरणीनंतर आठवड्याने. ज्वारीचे किंवा गव्हाचे रोप वर आल्यावर पाखराने पाते तोडले तरी पुष्कळदा निभावते. कारण त्याचा वाढीचा कोंब काही काळ जमिनीखाली सुरक्षित असतो. सूर्यफुलाचे तसे नाही. त्याची दोन जाड बीजदले जमीन फोडून वर येतात, आणि येताना पुष्कळदा बियांचे टरफल डोक्यावर टोपीसारखे घेऊन येतात. कावळा, कबूतर, साळुंकी, तितर, मोर यांना ती टोपी म्हणजे दाणा येथे आहे अशी खूणच. चोच मारली की बीजदलांबरोबर त्यांच्यामधला कोंबही जातो, आणि मग त्या झाडाला दुसरा फुटवा येत नाही. एक दाणा, एक झाड, एक फूल असा हा हिशेब आहे. म्हणून या पिकात राखणीची किंमत इतरांहून अधिक. उंदीर व खारी तर अंकुर येण्याचीही वाट पाहत नाहीत. टोकणीच्या ओळीचा माग काढीत त्या रांगेने बी उकरतात. रानाकडेच्या शेतात नीलगाय आणि रानडुक्कर यांचे भय वेगळेच.

उपाय साधे आहेत आणि बरेचसे जुनेच आहेत. बी रात्रभर भिजवून सावलीत सुकवून पेरले तर ते लवकर व एकसारखे उगवते आणि धोक्याचे दिवस कमी होतात. कौटिल्याची दव-उन्हाची कृती कदाचित याच अनुभवाची असावी. बी दोन बोटे खोल टोकावे, माती दाबून सारखी करावी आणि सांडलेला एकही दाणा वर राहू देऊ नये. कारण वर पडलेला दाणा हेच पाखराला दिलेले आमंत्रण असते. एका जागी दोन बिया टोकाव्यात आणि दोन्ही जगल्या तर पुढे एक रोप उपटावे. लहान वाफ्यावर बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या पसराव्यात, नाहीतर जाळी ताणावी, आणि रोपाला चार खरी पाने आली की ती काढावी. मोठ्या शेतात गावातील सर्वांनी एकाच सुमारास पेरावे. एकट्याच्या शेतावर सारा थवा उतरतो. शंभर शेतांत तो वाटला जातो आणि कोणाचेच दिवाळे निघत नाही. बुजगावणे, ज्याला ग्वाल्हेरकडे बिजूका म्हणतात, ते उभे करावे. पण दर दोन दिवसांनी त्याची जागा व अंगरखा बदलावा. पाखरे निर्जीव राखणदाराला फार दिवस भीत नाहीत. गेल्या काही दशकांत तांबडी-रुपेरी चकचकीत फीत शेतावर ताणण्याची पद्धत आली आहे. वाऱ्याने ती फडफडते, उन्हात चमकते आणि काही दिवस तरी उपयोगी पडते. परंतु सूर्योदयानंतरचा एक प्रहर आणि सूर्यास्तापूर्वीचा एक प्रहर बांधावर माणूस असणे, यापेक्षा खात्रीचा उपाय अद्याप निघालेला नाही. पाखरांच्या जेवणाच्या वेळा ह्याच. संध्येच्या वेळाही ह्याच.

विषाची गोष्ट मात्र वेगळी. विषारी दाणे टाकून राखण करण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्या दाण्यांनी मोर मरतो. हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, त्याला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि तो कार्तिकेयाचे वाहन आहे. मेलेल्या उंदराबरोबर घुबड आणि घारही मरते, आणि मग पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट होतात. चीनमध्ये १९५८ साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांचा देशभर संहार करण्यात आला. चिमण्या पिलांना किडे भरवितात, ही गोष्ट तेव्हा विसरली गेली. किडीने पिके खाल्ली, आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले. त्या वर्षांतील भीषण दुष्काळाची कारणे अनेक होती. त्यांत हेही एक होते. पाखरू आणि शेतकरी यांचा हिशेब एका चोचीवरून मांडावयाचा नसतो, हे तुकोबांच्या कथेला अगोदरच ठाऊक होते.

आमच्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर वेळेच्या विभागणीत शोधले, असे मला वाटते. पेरणीपासून मळणीपर्यंत राखण. आणि राखणीच्या अलीकडे-पलीकडे दान. रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, श्राद्धात काकबळी आहे, आणि कापणीनंतर शेतात पडलेल्या कणसांवर वेचणाऱ्यांचा हक्क आहे. कौटिल्यानेही आपोआप गळून पडलेली फुले-फळे देवकार्यासाठी श्रोत्रियांना व तपस्व्यांना नेऊ द्यावीत, असे म्हटले आहे. ज्या पाखराला पेरणीच्या दिवसांत हाकलले, त्याच पाखराला पितृपक्षात हाक मारून बोलाविले जाते. यात ढोंग नाही. बी हे उद्याचे अन्न असते, म्हणून त्याला हात लावू द्यावयाचा नाही. पिकलेले अन्न आजचे असते, म्हणून ते वाटून खावयाचे.

आज बहुतेक देवस्थानांत माळा बाजारातून येतात आणि तेल डब्यातून. देवस्थानांच्या बागा पुष्कळ ठिकाणी फरसबंदीखाली गेल्या आहेत. अल्लाच्या अडीच एकरांची अपेक्षा आज कोणी करणार नाही. परंतु देवळाच्या आवारात जेथे हातभर माती उरली असेल तेथे एक वाफा करावा, त्यात सूर्यफुलाचे बी टोकावे आणि राखणीचे पहिले दहा दिवस गावातील मुलांना वाटून द्यावेत. सकाळी एक, संध्याकाळी एक अशी पाळी लावावी. दगड मारावयाचा नाही, टाळी वाजवावयाची, हा एकच नियम सांगावा. दोन-तीन महिन्यांनी फुले येतील. पहिले फूल देवाला वाहावे. आणि दाणे भरू लागले, हिरवे पोपट कलकलाट करीत येऊ लागले, म्हणजे पुढच्या वर्षाच्या बियाण्यापुरती चार फुले कापड बांधून झाकावीत आणि बाकीच्यांवरची राखण उठवावी. बांधावर बसलेल्या मुलांना तोपर्यंत पोपटांना हाकण्याचा आणि बोलावण्याचाही अधिकार आलेला असेल.